शेत जागेवरच होते

(फैजपूर येथे हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या कामाचा अहवाल देतो. किती मुले शाळेत टिकली, आरोग्य शिबिरे कोठे झाली, बियाण्याची मदत कोणाला पोहोचली, हे सगळे छापील कागदावर आपल्या हाती आहेच. ते मी पुन्हा वाचून दाखवणार नाही. आज मी वेगळ्या आकड्यांबद्दल बोलणार आहे. जमिनीची जागा सांगणारे आकडे, म्हणजे अक्षांश आणि रेखांश. हा विषय शाळेतल्या भूगोलाच्या तासाचा आहे, मेळाव्यात कशाला, असे काहींना वाटेल. पण या आकड्यांत झालेल्या एका चुकीमुळे एका कुटुंबाची अडीच वर्षे गेली, आणि ती चूक माझ्या टेबलावर झाली. हे आधी कबूल करतो आणि मग पुढे बोलतो.

आपल्याला ठाऊक आहे की संसदेने २००६ साली वनहक्क कायदा केला आणि २००८ च्या आरंभी त्याचे नियम लागू झाले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसत आला आहे, त्याचा त्या जमिनीवरचा हक्क मान्य करायचा, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत. हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावे निघते. ती जमीन वारसाने मुलांकडे जाते, पण विकता येत नाही. दावा आधी ग्रामसभेकडे येतो, तिची वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहते, मग उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हास्तरीय समिती. यावल आणि रावेर तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातले पावरा, बारेला, तडवी आणि भिल्ल बांधव ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी, मका, तूर पिकवत आले, जिला आपल्याकडे कोणी नेवाड म्हणते, कोणी नुसते प्लॉट म्हणते, त्या जमिनीसाठी हा कागद म्हणजे सर्वस्व आहे.

दावा नाकारला गेला तर काय होऊ शकते, हे आपण २०१९ साली पाहिले. त्या वर्षी १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दावे नाकारलेल्या लोकांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. मधले ते पंधरा दिवस पाड्यांवरच्या माणसांनी कसे काढले, हे तिथे गेलेल्यांना विचारा. म्हणून दाव्यासोबत जोडलेला नकाशा चुकणे ही आमच्या दृष्टीने कारकुनी बाब राहिलेली नाही.

आता ती चूक सांगतो. त्यासाठी आधी आपल्या सर्वांच्या माहितीचे एक उदाहरण घेऊ. इथे शेतकरी पुष्कळ आहेत. एक एकर वीस गुंठे जमीन असेल, तर जुन्या माणसांनी कागदावर कधी कधी १.२० एकर असे लिहिलेले असते. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ही जमीन दीड एकर झाली. पण हाच कागद शहरात शिकलेल्या मुलाच्या हाती दिला तर तो हिशेब करतो, १.२० एकर म्हणजे एक एकर आणि वर एकराचा पाचवा हिस्सा, म्हणजे अठ्ठेचाळीस गुंठे. बारा गुंठे गेले कुठे? जमीन तेवढीच आहे, कागदही तोच आहे. टिंबाचा अर्थ मात्र दोघांनी दोन प्रकारे लावला.

अक्षांश-रेखांशातही असेच टिंब असते, आणि तिथे ते तीन ठिकाणी येऊ शकते. एका अंशाची साठ मिनिटे आणि एका मिनिटाचे साठ सेकंद. एकच जागा कोणी अंश, मिनिटे आणि सेकंदांत लिहितो, कोणी अंश आणि दशांश मिनिटांत, तर कोणी नुसत्या दशांश अंशांत. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याची एक जागा घ्या. २१ अंश १८ मिनिटे ३० सेकंद. हीच जागा दुसऱ्या रीतीने २१ अंश १८.५०० मिनिटे, आणि तिसऱ्या रीतीने २१.३०८३ अंश. तिन्ही बरोबर, तिन्ही एकच. पण पहिल्या रीतीचे आकडे कोणी मधली चिन्हे टाकून २१.१८३० असे संगणकात भरले, तर ती जागा दक्षिणेला सुमारे १४ किलोमीटर सरकते. डोंगरातले शेत थेट आपल्या फैजपूर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात येऊन बसते. एवढी मोठी चूक निदान चटकन दिसते. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली तर त्याहून मजा. मग ते शेत युरोपच्या उत्तरेला, बर्फाळ समुद्रात जाते. त्यावर सगळे हसतात आणि चूक दुरुस्त होते. खरा धोका लहान चुकीत असतो, कारण ती खरी वाटते.

आमच्या बाबतीत ती लहान चूक झाली. यावल तालुक्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावर एका मावशींचा आणि त्यांच्या यजमानांचा दावा होता. साधारण सव्वा हेक्टर जमीन, एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला दिराचे शेत. आमचा तरुण कार्यकर्ता हातातले जीपीएस यंत्र घेऊन शेताच्या कडेने फिरला आणि प्रत्येक कोपऱ्यावरचा आकडा त्याने वहीत लिहून घेतला. यंत्र दशांश मिनिटे दाखवत होते, १८.५०, १८.५३ असे. त्याने वहीत ते टिंबासकट नीट लिहिले. मी संध्याकाळी दिव्याखाली बसून ते तक्त्यात भरले. माझ्या तक्त्यात रकाने होते अंश, मिनिटे आणि सेकंद असे. मी १८ एका रकान्यात टाकले आणि ५० पुढच्या. साडेअठरा मिनिटांची अठरा मिनिटे पन्नास सेकंद झाली. खरे तर ती अठरा मिनिटे तीस सेकंद होती. वीस सेकंदांचा फरक म्हणजे जमिनीवर सहाशे मीटरहून जास्त. शेत उत्तरेला सरकले, नाला ओलांडून वर दाट सागाच्या जंगलात गेले.

एवढेच झाले नाही. मिनिटाचा शंभरावा भाग म्हणजे खरे तर सेकंदाचे सहा दशांश. मी तो पूर्ण एक सेकंद धरत होतो. त्यामुळे शेताची प्रत्येक बाजू दीडपटीहून जास्त लांब झाली, आणि क्षेत्रफळ जवळजवळ पावणेतीन पट. अर्जात लिहिले होते सव्वा हेक्टर, नकाशा दाखवत होता साडेतीन हेक्टरच्या आसपास. वरच्या तपासणीत उपग्रहाच्या चित्रावर तो नकाशा ठेवून पाहिला गेला. तिथे शेत नव्हतेच, झाडे होती. आणि मागितलेली जमीन सांगितलेल्या जमिनीपेक्षा कितीतरी मोठी होती. तपासणाऱ्याने काय समजावे? त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच समजलो असतो, की हे लोक जंगल तोडायच्या आधीच त्यावर हक्क सांगताहेत आणि वर जास्तीची जमीन मागताहेत. दावा परत आला.

मी पाड्यावर जाऊन ते सांगितले. मावशी अंगणात मका सोलत होत्या. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "भाऊ, शेत तर जागेवरच आहे. मी ते कुठं नेलं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा मला चूक कळलीच नव्हती. मीही मनातल्या मनात वरच्या लोकांना दोष देत खाली उतरलो. कित्येक महिने आम्ही फेरविचाराचे अर्ज लिहिले, आणि प्रत्येक अर्जाला तोच चुकीचा नकाशा जोडला. पुढे एकदा त्या कार्यकर्त्याने सहज आपली जुनी वही काढली आणि म्हणाला, "सर, इथे टिंब आहे." ती वही त्याने फेकली नव्हती, म्हणून आम्ही वाचलो. आम्ही शेत पुन्हा फिरून मोजले, नकाशा नव्याने काढला, शेजाऱ्यांचे आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब जोडले, ग्रामसभेने पुन्हा ठराव केला. दावा मान्य झाला. पण हक्कपत्र हाती आले तेव्हा मावशींचे यजमान हयात नव्हते. कायद्याने त्या कागदावर दोघांची नावे यायची होती. आली एकट्या मावशींची. त्या कागदाकडे पाहून त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

त्यानंतर मी या विषयाच्या मुळाशी गेलो. मला कळले की आमची चूक ही एका मोठ्या अडचणीचे धाकटे भावंड आहे. एका पाड्याची जमीन आज तीन वेगवेगळ्या नकाशांवर असते, आणि तिन्हींची भाषा वेगळी असते.

पहिला आपला गावनकाशा. आपल्या मुलखातल्या जमीन मोजणीची घडी इंग्रजी अमदानीत, १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून बसली. साखळीने मोजायचे, टिपण लिहायचे, बांधाला दगड रोवायचा. तेहतीस फुटांची साखळी, आणि एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. त्या जुन्या नकाशांवर अक्षांश-रेखांश नसतात. एक दगड दुसऱ्या दगडापासून किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला, एवढेच त्यांना ठाऊक असते. पुढे सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, एकरांचे हेक्टर झाले, गुंठ्यांचे आर झाले. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. जवळजवळ सारखे, म्हणून पुष्कळ जण ते एकच धरतात. ४ हेक्टरला त्यात जवळपास पाच गुंठ्यांचा फरक पडतो.

दुसरा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, ज्यावरून वनांचे नकाशेही निघाले. त्याची कथा मोठी आहे. १८०२ साली विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. दक्षिणेकडून मोजत मोजत तो वर आला आणि १८२३ साली आपल्याच महाराष्ट्रात, हिंगणघाटला वारला. त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयाकडे नेले. पृथ्वी पूर्ण गोल नाही, थोडी चपटी आहे. ती नेमकी किती चपटी हे धरल्याशिवाय नकाशा काढता येत नाही. एव्हरेस्टने भारताच्या मापांना चांगला बसेल असा एक आकार १८३० साली ठरवला, आणि मध्य भारतातल्या कल्याणपूर या ठिकाणाला आरंभबिंदू धरून सगळा देश त्याला बांधला गेला. आपले फैजपूर ज्या जुन्या नकाशापत्रकावर आहे, ४६ ओ/१६, ते याच बांधणीतले.

तिसरा नकाशा आपल्या खिशातल्या मोबाइलमधला. त्याला आकडे उपग्रहांकडून मिळतात. उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्राभोवती फिरतात, म्हणून त्यांच्यासाठी सगळ्या जगाला लागू पडेल असा वेगळा आकार धरलेला आहे. त्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात. एव्हरेस्टच्या आकाराची विषुववृत्ताजवळची त्रिज्या याच्यापेक्षा साडेआठशे मीटरच्या आसपास कमी आहे, आणि दोहोंची केंद्रेही एका जागी नाहीत. म्हणून एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत वेगवेगळे येतात. कोणाचीही चूक नसताना.

तो फरक किती, हे इथलेच उदाहरण घेऊन सांगतो. याच फैजपुरात १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले होते. त्या जागेचे अक्षांश-रेखांश आपण जुन्या नकाशापत्रकावरून काढले आणि तसेच मोबाइलमध्ये टाकले, तर मोबाइलचा टिपका त्या जागेपासून आग्नेयेला शंभर-सव्वाशे मीटर दूर पडेल. अधिवेशनाच्या मंडपाला त्याने काही बिघडत नाही. पण सव्वा हेक्टरचे चौकोनी शेत म्हणजे एक बाजू जेमतेम ११२ मीटर. एवढ्या फरकात आख्खे शेत शेजाऱ्याच्या शेतात जाते, किंवा नाल्यात, किंवा जंगलात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुले नकाशे जागतिक पद्धतीवर काढायचे ठरवले, ही चांगली गोष्ट झाली. पण जुने कागद जुन्या पद्धतीचेच राहतात, आणि आदिवासींचे पुरावे बहुतेक जुन्या कागदांतच असतात.

असे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नका. जर्मनी आणि स्वित्झर्लंड या देशांनी मिळून ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग या गावी पूल बांधायला घेतला. दोन्ही देश उंची वेगवेगळ्या समुद्रसपाटीपासून मोजतात. त्यात २७ सेंटिमीटरचा फरक आहे, हे इंजिनिअरांना ठाऊक होते. त्यांनी तो हिशेबात धरलाही, पण उलट बाजूने. वजा करायच्या जागी मिळवणी झाली. २००३ साली लक्षात आले की दोन्ही काठांच्या कामांत ५४ सेंटिमीटरचा फरक पडला आहे. फरक माहीत असून ही गत. आम्हाला तर फरक आहे हेच माहीत नव्हते.

यातून मी एक धडा घेतला. माणूस काळजीपूर्वक वागला तरी रूपांतर करताना कधी ना कधी चुकतोच. म्हणून आणखी काळजी घ्या असे सांगून भागत नाही. रूपांतरच कमी करायला हवे. आम्ही आमच्या नोंदवहीची रचना बदलली. कशी, ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या मंडळ्यांपैकी इतर ठिकाणीही हे काम चालते.

आधी आमच्याकडे पावलांचे फूट, फुटांचे मीटर, मिनिटांचे सेकंद, सेकंदांचे अंश आणि गुंठ्यांचे आर असा प्रवास चालायचा. आता मोजणीच्या क्षणापासून शेवटच्या कागदापर्यंत एकच पद्धत ठेवली आहे. डब्ल्यूजीएस ८४, दशांश अंश, आणि टिंबानंतर पाच आकडे. पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. मोबाइलची अचूकता उघड्या आभाळाखालीसुद्धा काही मीटरांचीच असते, झाडाखाली त्याहून कमी, म्हणून याहून जास्त आकडे लिहिणे म्हणजे नुसता आव. यंत्रच दशांश अंश दाखवील असे आधी लावून घ्यायचे आणि मगच शेतात पाऊल टाकायचे. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये ठेवायचे, आणि हेक्टर-आर फक्त अर्ज भरताना, एकदाच करायचे.

दुसरे, मूळ आकडा पुसायचा नाही. यंत्राच्या पडद्याचा फोटो काढून ठेवायचा आणि वहीचे पान जपायचे. जुन्या नकाशावरून काही रूपांतर करावेच लागले, तर ते वेगळ्या रकान्यात, कोणी केले आणि कोणत्या दिवशी हे लिहून. मावशींचा दावा त्या वहीच्या पानाने वाचवला, संगणकाने नाही.

तिसरे, प्रत्येक पानावर पद्धतीचे नाव लिहायचे. नाव न लिहिलेला आकडा म्हणजे गाव न लिहिलेले पत्र. ते कोठेही पोहोचते.

चौथे, प्रत्येक पाड्यावर तीन साक्षीच्या जागा ठरवल्या आहेत. हातपंपाचा ओटा, शाळेच्या इमारतीचा कोपरा, एखादा मोठा न हलणारा खडक. मोजणीला गेले की आधी या तीन जागा मोजायच्या. मागच्या खेपेच्या आकड्यांशी त्या दहा मीटरच्या आत जुळल्या तरच पुढे जायचे. जुन्या नकाशावर यांपैकी एखादी जागा सापडली, तर जुना आणि नवा नकाशा किती सरकला आहे हे तिथल्या तिथे कळते. संगणक आपोआप करून देतो त्या रूपांतरावर डोळे मिटून विसंबायचे नाही, कारण एव्हरेस्टच्या आकाराची मापेही फुटांचे मीटर करताना एकाहून अधिक प्रकारे धरली गेली आहेत, आणि संगणकाने त्यातले कोणते धरले हे विचारावे लागते.

पाचवी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नकाशा ज्याच्या शेताचा, त्याला तो वाचता आला पाहिजे. पाड्यावरच्या माणसांची स्वतःची एक पद्धत पूर्वीपासून आहे. तिला कायद्याच्या भाषेत चतुःसीमा म्हणतात. पूर्वेला नाला, पश्चिमेला महूचे झाड, उत्तरेला दिराचे शेत, दक्षिणेला पायवाट. आम्ही ती पद्धत गावठी समजून सोडून दिली होती. आता मोजणीआधी घरधनी आणि घरधनीण काठीने मातीत आपले शेत काढून दाखवतात. मग छापलेला नकाशा ग्रामसभेत मांडून त्यांनाच विचारतो, नाला कोणत्या बाजूला आहे? शेजारी कोण आहे? नकाशा आणि माणूस यांचे जुळले नाही, तर आधी नकाशावर शंका घ्यायची. मावशींना त्या दिवशी मी चुकीचा नकाशा नुसता दाखवला असता, तर त्यांनी एका क्षणात सांगितले असते की नाला उलट बाजूला गेला आहे. मी त्यांना तो कधी दाखवलाच नव्हता. त्यांना काय कळणार, असे मला वाटले होते.

कायद्याचा अर्थही याहून वेगळा नाही. केंद्र शासनाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे की उपग्रहाची चित्रे आणि तंत्रज्ञान इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरावे, त्यांच्या जागी नव्हे. म्हाताऱ्या माणसांची साक्ष, ग्रामसभेचा ठराव, जुना दंड भरल्याची पावती, शेतातली विहीर, बांध, हे सगळे पुरावेच आहेत. नकाशाचे काम त्यांना आधार देण्याचे आहे.

यहोशवाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मोजणीचा एक प्रसंग आहे. वतन मिळायचे राहिलेल्या सात वंशांपैकी प्रत्येकातून तीन तीन माणसे निवडली गेली. ती देशभर पायी फिरली आणि जमिनीचे वर्णन पुस्तकात लिहून परत आली. मग वाटणी झाली. डिप्लोमाच्या वर्षांत मी हा अध्याय परीक्षेपुरता वाचला होता. आता मला त्यात दोन गोष्टी दिसतात. मोजायला प्रत्येक वंशातलीच माणसे गेली. आणि ती आधी चालली, मग त्यांनी लिहिले. शेजाऱ्याच्या सीमेची खूण सरकवणाऱ्याला अनुवादाच्या पुस्तकात शाप सांगितला आहे. असा माणूस लोभी, रात्री अंधारात दगड हलवणारा असणार, असे मी समजत होतो. मी तो दिव्याखाली, चांगल्या हेतूने, प्रार्थना करून कामाला बसल्यावर हलवला.

शेवटी आपल्याकडे काय मागायचे ते मागतो. पैशांची मदत आपण करताच. या वेळी मला आपल्या मुलामुलींचा वेळ हवा आहे. आपल्या मंडळ्यांमधली पुष्कळ मुले इंजिनिअरिंग आणि संगणक शिकली आहेत. महिन्यातला एक शनिवार त्यांनी आम्हाला द्यावा. एकाने भरलेले आकडे दुसऱ्याने वहीवरून तपासावेत, एवढेच काम. त्यांनी एक सोपी खूण लक्षात ठेवावी. दशांश अंश म्हणून आलेल्या लांबलचक यादीत टिंबानंतरचे पहिले दोन आकडे कधीच ६० किंवा त्याहून जास्त दिसत नसतील, तर ते दशांश नसून मिनिटे असण्याची, आणि कोणीतरी फसल्याची, शंका घ्यावी. ज्यांच्या घरी वापरात नसलेले पण चालू मोबाइल आहेत, त्यांनी ते द्यावेत. आणि ज्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी डोंगरात शिक्षक, तलाठी किंवा वनखात्यातले कर्मचारी म्हणून नोकरी केली असेल, त्यांनी घरातल्या जुन्या वह्या आणि कागद रद्दीत घालण्याआधी आम्हाला एकदा दाखवावेत. एखाद्या पानावर एखाद्या पाड्याचा पुरावा असू शकतो.

मावशी आता सव्वा हेक्टरच्या कायदेशीर मालकीण आहेत. मागच्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा त्यांनी तूर लावली होती. नव्या पद्धतीने सगळ्या जुन्या दाव्यांची फेरमोजणी चालू आहे, म्हणून त्यांचे शेतही पुन्हा मोजले. मी मोबाइल धरून बांधावरून चालत होतो आणि त्या पुढे चालत होत्या. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून त्या पायाने माती दाबायच्या आणि म्हणायच्या, "इथं." मी आकडा वाचून दाखवायचो, कार्यकर्ता लिहून घ्यायचा आणि परत वाचून दाखवायचा. शेवटच्या कोपऱ्यावर त्यांनी विचारले, "आता बरोबर लिहिलं ना, भाऊ?"

मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांना वाचता येत नाही. पण आम्ही पानाच्या वरच्या बाजूला त्यांनी मातीत काढलेले शेत काढून घेतले होते. त्यांनी नाल्यावर बोट ठेवले, मग दिराच्या शेतावर, मग पायवाटेवर. मान हलवली. मग मी सही केली आणि शेजारी त्यांचा अंगठा घेतला.

आपल्या प्रार्थनेत पाड्यांवरची ही माणसे असू द्या, आणि त्यांचे आकडे लिहिणारे आमचे हातही. सर्वांना सलाम.